अडलेले रिव्हॉल्व्हर

दिवाळी संपली की अनेक घरांत एखादे पत्र्याचे मोडके पिस्तूल उरते. चाप ओढला की घोडा खाडकन आपटतो, पण टिकल्यांची गुंडाळी पुढे सरकत नाही. कधी ती सरकते पण अर्धीच. मग घोडा दोन टिकल्यांच्या मधल्या कोऱ्या कागदावर पडतो आणि आवाजच होत नाही. मुले असे पिस्तूल फेकून देतात. आमचा आग्रह असा, की शिक्षकांनी ते मागून घ्यावे, टिकल्या काढून टाकाव्यात, पत्र्याचे कान सरळ करावेत आणि ते वर्गात उघडावे. आत एक स्प्रिंग, एक तरफ आणि टिकल्या पुढे ढकलणारे एक छोटे बोट दिसते. खऱ्या रिव्हॉल्व्हरमध्येही हेच सगळे असते, फक्त अधिक नेमके आणि पोलादाचे. दोन्ही बिघडतात तीही बरीचशी त्याच कारणांनी.

खरे रिव्हॉल्व्हर वर्गात आणता येणार नाही, आणि आणूही नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्याकडे शस्त्र बाळगायलाच नव्हे, तर ते दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तेव्हा दुरुस्तीचे धडे देणे हा या लेखाचा हेतू नाही. पण कोणतेही यंत्र नीट चालू असताना जेवढे कळते त्यापेक्षा ते अडल्यावर जास्त कळते. रिव्हॉल्व्हर गेली जवळजवळ एकशे नव्वद वर्षे अडते आहे आणि माणसे त्याच्या अडण्यावर उपाय शोधत आहेत. त्या उपायांत तरफ, घर्षण, जडत्व, प्रसरण, गंजणे असे शाळेतल्या विज्ञानाचे अनेक धडे सापडतात.

आधी ते चालते कसे

१८३० साली सॅम्युएल कोल्ट नावाचा सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा 'कोर्व्हो' या जहाजावर खलाशी म्हणून बोस्टनहून कलकत्त्याकडे निघाला. जहाजाचे सुकाणू फिरवायचे चाक हव्या त्या जागी अडकवून ठेवता येते, हे पाहून त्याला आपल्या बंदुकीची कल्पना सुचली असे सांगतात. काही जण चाकाऐवजी नांगर ओढण्याच्या रहाटाचे नाव घेतात. प्रवासात त्याने एक लाकडी नमुना कोरला. फिरत्या सिलिंडरच्या बंदुका त्याच्या आधीही होत्या. एलिशा कोलियर याने १८१८ साली इंग्लंडमध्ये तशा बंदुकीचे पेटंट घेतले होते. कोल्टने केले ते असे : घोडा मागे ओढला, की त्याच हालचालीने सिलिंडर आपोआप एक घर पुढे फिरावा आणि तिथेच घट्ट अडकावा. याचे अमेरिकन पेटंट त्याला २५ फेब्रुवारी १८३६ रोजी मिळाले.

सिलिंडरला सहा घरे आहेत असे समजा. प्रत्येक घरात एक काडतूस आहे. नळी मात्र एकच. म्हणजे दर वेळी सिलिंडर बरोबर ६० अंश फिरला पाहिजे. त्यासाठी त्याच्या पाठीवर एक छोटे दातेरी चक्र असते. घोड्याला जोडलेली एक पट्टी वर सरकते आणि त्या चक्राच्या एका दाताला ढकलते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असते तेच हे 'कुत्रे'. सिलिंडरच्या अंगावर सहा खाचा असतात आणि चौकटीतून वर येणारी एक खिट्टी त्यांपैकी एका खाचेत बसून त्याला रोखते. म्हणजे घोडा मागे जात असताना आधी खिट्टी खाली गेली पाहिजे, मग कुत्र्याने सिलिंडर फिरवला पाहिजे, मग खिट्टी पुढच्या खाचेत पडली पाहिजे आणि हे सगळे झाल्यावरच घोडा सुटला पाहिजे. फळ्यावर हे चित्र काढले तर विद्यार्थ्यांना क्रम चटकन समजतो. रिव्हॉल्व्हरचे निम्मे बिघाड म्हणजे हा क्रम चुकणे होय. आपले मोटार मेकॅनिक इंजिनाबद्दल जे म्हणतात तेच इथेही म्हणतात : टायमिंग गेले.

दशांश मिलिमीटरची झीज

टायमिंग का जाते? कुत्र्याचे टोक आणि चक्राचे दात एकमेकांवर घासतात आणि झिजतात. झीज किती असेल? समजा, ०.१ मिलिमीटर. आपल्याला ती डोळ्यांनी दिसणारही नाही. आता साधे गणित करून पाहू. दातेरी चक्राची त्रिज्या ४ मिलिमीटर आहे आणि घरांचे मध्यबिंदू सिलिंडरच्या अक्षापासून १२ मिलिमीटरवर आहेत असे धरू. दाताशी ०.१ मिलिमीटर कमी ढकलले गेले, तर तिप्पट अंतरावरच्या घराशी ते ०.३ मिलिमीटर कमी पडते. तरफेचाच नियम, पण इथे तो आपल्या विरुद्ध काम करतो. घर आणि नळी ०.३ मिलिमीटरने चुकले, की मऊ शिशाची गोळी नळीच्या काठावर तासली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला ते लागतात. थोडीशी चूक सावरून घ्यावी म्हणून नळीचे मागचे तोंड नरसाळ्यासारखे पसरट केलेले असते, पण नरसाळे किती सांभाळणार?

गंमत अशी की हा बिघाड घाईने तपासणाऱ्याला सापडत नाही. घोडा झटक्यात मागे ओढला तर सिलिंडरला वेग येतो, कुत्र्याने ढकलणे थांबवले तरी जडत्वामुळे तो आणखी थोडा फिरतो आणि खिट्टी खाचेत पडते. सगळे ठीक आहे असे वाटते. तोच घोडा अगदी सावकाश मागे ओढला तर जडत्वाची मदत मिळत नाही, सिलिंडर खाचेच्या अलीकडेच थांबतो आणि दोष उघडा पडतो. म्हणून जाणता कारागीर रिकामे रिव्हॉल्व्हर हाती घेतले की सहाही घरे एकेक करून, हळू हळू फिरवून बघतो. सहाही घरांवर अडचण येत असेल तर संशय कुत्र्यावर किंवा खिट्टीवर, एकाच घरावर येत असेल तर त्या एका दातावर किंवा खाचेवर. बिघाड शोधण्याची ही रीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्यालाही लागू आहे आणि विद्यार्थ्याचे गणित कुठे चुकते ते शोधणाऱ्या शिक्षकालाही.

नवे कुत्रे आणून बसवले की काम झाले, असे मात्र नाही. कोल्टचा हार्टफर्डचा मोठा कारखाना १८५५ साली उभा राहिला, तेव्हा यंत्रांवर बनवलेले सुटे भाग कोणत्याही बंदुकीला बसतात याचा बराच गाजावाजा झाला होता. प्रत्यक्षात शेवटची जुळणी कानस घेऊन हातानेच होत असे. म्हणूनच त्या काळच्या रिव्हॉल्व्हरच्या अनेक भागांवर एकच क्रमांक ठोकलेला आढळतो. ज्याचे कुत्रे त्यालाच. आजही जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा भाग जागेवर बसवून, कणाकणाने घासून जुळवावा लागतो. कानशीने काढलेले पोलाद परत चिकटवता येत नाही, म्हणून चांगला कारागीर कानस अगदी शेवटी हातात घेतो.

इथे सिनेमाबद्दल एक तक्रार नोंदवतो. आधुनिक रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर दारासारखा बाजूला उघडतो. कोल्ट कंपनीने ही रचना १८८९ साली बाजारात आणली. सिनेमातला नायक गोळ्या भरतो आणि मनगटाला झटका देऊन खट्‌कन तो बंद करतो. टाळ्या पडतात. पण सिलिंडर ज्या बारीक हातावर उघडतो तो हात अशा दणक्यांनी किंचित वाकतो आणि मग सहाही घरांचा नळीशी असलेला मेळ बिघडतो. टायमिंग उत्तम असूनही गोळी तासली जाते.

फट किती ठेवावी?

सिलिंडर फिरायचा तर तो आणि नळी यांच्यामध्ये फट हवी. ती साधारणपणे ०.१ ते ०.२ मिलिमीटर ठेवतात, म्हणजे एक-दोन कागदांच्या जाडीएवढी. या फटीतून दर वेळी तप्त वायू दोन्ही बाजूंना जोराने निसटतात. रिव्हॉल्व्हरच्या या जागेजवळ बोट असेल तर ते भाजते आणि कापलेही जाते. मग फट शून्यच का ठेवू नये? कारण धातू तापला की प्रसरण पावतो. ४० मिलिमीटर लांबीचा पोलादी सिलिंडर १०० अंश सेल्सियसने तापला तर सुमारे ०.०५ मिलिमीटर वाढतो. (पोलादाचा प्रसरणांक ०.००००१२ धरून विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे.) ०.१ मिलिमीटरच्या फटीतली निम्मी जागा इथेच गेली. उरलेल्या जागेत काजळी साठली की सिलिंडर जाम होतो. 'थंड असताना छान चालते, वीस-पंचवीस गोळ्यांनंतर अडते' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. रुळांच्या सांध्यातली फट आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. तिथे मिलिमीटर मोजायचे, इथे त्याचे दशांश.

रशियन सैन्याने १८९५ साली स्वीकारलेल्या नागां रिव्हॉल्व्हरने हा पेच वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. घोडा मागे गेला की त्याचा सिलिंडर फिरतो आणि मग पुढे सरकून नळीला भिडतो. काडतुसाचे तोंडही नळीत शिरते आणि फट बुजते. वायू निसटत नाही, पण एवढे सगळे एका बोटाच्या जोरावर हलवायचे म्हणजे चाप फारच जड झाला. एक दोष काढला की दुसरा आत येतो, असे यंत्ररचनेत नेहमीच घडते.

दारू, टोप्या आणि मीठ

कोल्टच्या त्या वेळच्या रिव्हॉल्व्हरमध्ये धातूची काडतुसे नसत. प्रत्येक घरात पुढून काळी दारू आणि शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या पोकळ खुंटीवर तांब्याची बारीक टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाई. या रचनेचे बिघाड फार शिकवणारे आहेत. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेतून यंत्रात पडे आणि सगळे अडे. यावर सैनिकांनीच उपाय काढला : घोडा ओढताना नळी आकाशाकडे करायची, म्हणजे तुकडा बाहेर गळून पडतो. दुसरा बिघाड धोक्याचा. एका घरातली आग शेजारच्या घरांत शिरे आणि एका वेळी दोन-तीन घरे उडत. नळी एकच असल्यामुळे बाकीच्या गोळ्या चौकटीवर आदळत, नाहीतर पुढे धरलेल्या हातावर. कोल्टने खुंट्यांच्या मध्ये आडभिंती ठेवल्या आणि वापरणारे गोळीवर चरबी थापू लागले.

सर्वांत मोठी फजिती १८४७ च्या 'वॉकर' रिव्हॉल्व्हरची झाली. कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या सांगण्यावरून अमेरिकन सैन्यासाठी अशी १००० रिव्हॉल्व्हरे बनली. वजन दोन किलोहून थोडे अधिक आणि एकेका घरात ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ ४ ग्रॅम दारू. यांतली काही सरळ फुटली. त्या काळचे लोखंड एकजिनसी नसे, त्यात मळीचे धागे राहत आणि एवढा दाब घरांमधल्या बारीक भिंतींना पेलत नसे. टोकदार गोळ्या उलट्या ठासल्या गेल्यामुळे दारूला आणखी जागा मिळे, असेही एक कारण दिले जाते. शिवाय गोळी ठासण्याचा नळीखालचा दांडा गोळी सुटल्याच्या धक्क्याने खाली पडे आणि सिलिंडर अडवी. सैनिक तो कातडी वादीने नळीला बांधून ठेवत. पुढच्याच वर्षीच्या नमुन्यात कोल्टने सिलिंडर आखूड केला, दारू ५० ग्रेनवर आणली आणि दांड्याला पुढच्या टोकाशी पक्की खिट्टी दिली. वादीने जे सुचवले होते ते कारखान्याने ऐकले, असे म्हणायला हरकत नाही.

काळी दारू जळली की तिच्या वस्तुमानाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. हा पोटॅशियमच्या क्षारांचा थर दमट हवेत पाणी शोषून घेतो. पुढे धूरविरहित दारू आली तरी क्षारांनी पाठ सोडली नाही. काडतुसाच्या बुडातल्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट वापरत. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मिठाचेच भावंड. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक देशांच्या लष्करी काडतुसांत असा मसाला असे. बंदूक तेलाने लख्ख पुसून ठेवली तरी आठवड्याभरात आतून गंजते, याचे कोडे यातच आहे. क्षार तेलात विरघळत नाही. तेलाचा थर त्याच्यावरून पसरतो आणि तो खाली तसाच राहतो. त्याला उपाय साध्या पाण्याचा, शक्यतो कढत पाण्याचा. आधी पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे, मगच तेल. लोखंडाला पाणी लावू नये असे घोकलेल्या माणसाला हे उलटे वाटते.

वर्गात याचा प्रयोग खिळ्यांवर होतो. दोन सारखे खिळे पॉलिश पेपरने घासून मिठाच्या पाण्यात बुडवा आणि वाळू द्या. एकाला तसेच खोबरेल किंवा यंत्राचे तेल लावा. दुसरा गरम पाण्यात खळबळून, पुसून, वाळवून मग तेल लावा. दोन्ही उघड्यावर ठेवून रोज पाहा. कोकणातल्या शाळांना पावसाळ्यात फार दिवस वाट पाहावी लागणार नाही.

घाणीचा आणखी एक प्रकार किरकोळ पण फसवा आहे. सिलिंडरच्या पाठीवर रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारी चांदणी असते. तिच्याखाली दारूचे न जळलेले दोन-चार कण अडकले तरी ती केसभर वर राहते आणि सिलिंडर फिरायला नाही म्हणतो. मालक म्हणतो, यंत्र मोडले. कारागीर ब्रश फिरवतो आणि परत देतो.

उलटा आटा

ही चांदणी ढकलायचा दांडा तिच्यात आट्याने पिळलेला असतो. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर मागून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. दांड्याचे पुढचे टोक मात्र एका खिळीवर घासत असते आणि घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध दिशेने ओढते. दांड्याचा आटा नेहमीसारखा उजवा असल्याने ही ओढ त्याला सैल करणारी ठरे. दांडा किंचित बाहेर आला की सिलिंडर उघडतच नसे. घट्ट पिळणे हा तात्पुरता इलाज झाला. १९६० च्या सुमारास कंपनीने आटाच डावा केला. आता तेच घर्षण दांडा आवळते. सायकलच्या डाव्या पॅडलचा आटा उलटा का असतो, हे ज्या विद्यार्थ्यांनी कधी विचारले असेल त्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

सहावे घर

आतापर्यंतचे बिघाड बंदूक उडत नाही किंवा नीट उडत नाही अशा जातीचे होते. नको तेव्हा उडणे हा त्याहून वाईट बिघाड. कोल्टच्या १८७३ च्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरमध्ये आणि त्याच्या अनेक नकलांमध्ये घोडा खाली असला की त्याचे टोक काडतुसाच्या टोपीला जवळजवळ टेकलेले असते. एक किलोचे रिव्हॉल्व्हर एक मीटरवरून पडले तर जमिनीशी त्याच्यात सुमारे १० ज्यूल ऊर्जा असते. ते घोड्यावरच पडले तर? टोपी पेटायला या ऊर्जेचा लहानसा अंश पुरतो. यंत्रात घोडा थोडा वर अडकवून ठेवण्याची एक खाच होती, पण ती बारीक, दणक्याने तुटणारी. म्हणून जुने लोक सहापैकी पाचच घरे भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. यंत्राचा दोष माणसाने सवयीने झाकला होता. सवय विसरली की माणसे मरत किंवा लंगडी होत.

उपाय खरे तर जुना आहे. अमेरिकेतल्या आयव्हर जॉन्सन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोडा आणि टोपीवर आपटणारी सुई हे दोन भाग वेगळे केले. घोडा पूर्ण खाली आला तरी तो चौकटीवर टेकतो, सुईपर्यंत पोचत नाही. चाप पूर्ण ओढला तरच एक पोलादी पट्टी वर येऊन दोघांच्या मध्ये उभी राहते आणि घोड्याचा ठोका सुईला पोचवते. कंपनीच्या जाहिरातीत एक हात भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर हातोडा मारताना दाखवत. इंग्रजीत घोड्यालाही 'हॅमर'च म्हणतात, त्यामुळे घोषणाही आयती मिळाली : 'हॅमर द हॅमर'. या पट्टीचा खरा गुण ती मोडल्यावर दिसतो. पट्टी तुटली तर बंदूक उडत नाही, एवढेच होते. आगगाडीच्या हवेच्या ब्रेकची नळी फुटली की ब्रेक आपोआप लागतात, तसेच हे.

तरीही कोल्टच्या धर्तीवर बनणारी रिव्हॉल्व्हरे या पट्टीवाचून पुढे कित्येक दशके निघत राहिली. अमेरिकेच्या रुगर कंपनीने आपल्या अशा नमुन्यांत ती १९७३ साली घातली. तोपर्यंत विकलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचे काय करायचे? १९८२ पासून कंपनीने ती मोफत बदलून द्यायला सुरुवात केली. पुष्कळ मालक आपले रिव्हॉल्व्हर पाठवायला तयार होत नाहीत. घोडा ओढतानाचा जुना 'खट्-खट्' आवाज जातो, चाप वेगळा लागतो आणि संग्राहकांच्या बाजारात मूळ भाग असलेल्या रिव्हॉल्व्हरला जास्त भाव येतो. म्हणून कंपनी नवे भाग बसवते आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून सोबत परत पाठवते.